नळी काचेचीच हवी

माझ्या फोनमध्ये ४१ सेकंदांची एक व्हॉइस नोट जपून ठेवलेली आहे. मागे पंखा घरघरतोय, कुणीतरी बादली सरकवतंय, आणि मध्य प्रदेशातल्या खरगोनचा एक मुलगा मराठीत सुरू होऊन हिंदीत घसरत सांगतोय (त्याची आई जळगावची): "नळी काचेची पाहिजे. प्लास्टिकची चालणार नाही. नवी, साफ, कोरडी. साबणाने धुतलेली असेल तर ती घेऊच नको. दोन एमएल रक्त घाल, और बीस मिनट हाथ नहीं लगाना. मग एकदाच तिरकी कर. एकदाच."

गेल्या पावसाळ्यात, एमबीबीएसच्या इंटर्नशिपच्या दुसऱ्या महिन्यात, रात्री दीडच्या सुमाराला एका बाईला तिचा भाऊ मोटरसायकलवरून घेऊन आला. (वय, गाव आणि आणखी एक-दोन गोष्टी मी मुद्दाम बदलल्या आहेत. का, ते पुढे येईल.) शेतातून परतताना पायाला काहीतरी चावलं होतं. पाऊल टरारून सुजलेलं, पोटरीला साडीची चिंधी करकचून बांधलेली, आणि तोंड उघडायला सांगितलं तेव्हा हिरड्यांच्या कडेने रक्त.

सीनियर भैया पलीकडच्या खाटेवर एका रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालत होते. ते तिथूनच म्हणाले, "बीस मिनट वाला टेस्ट लगा दो." आमच्या ट्रेमध्ये होत्या त्या सगळ्या नळ्या प्लास्टिकच्या. माझा हात तिकडे गेलासुद्धा. तेवढ्यात कानात ती बादली सरकली.

मी जिना चढून लॅबमध्ये गेले, काचेच्या दोन कोऱ्या नळ्या मागून आणल्या. एकीत रक्त घातलं, ती खिडकीच्या कट्ट्यावर उभी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

घोणस किंवा फुरसं चावलं की विषामुळे रक्त गोठवणारे घटक खर्ची पडतात, म्हणून रक्त गोठत नाही. चाचणी एवढीच आहे. पण निरोगी रक्तालाही गोठायला सुरुवात करून द्यायचं काम काचेचा पृष्ठभाग करतो. प्लास्टिक ते नीट करत नाही, आणि साबणाचा अंश राहिलेली काचही करत नाही. त्या बाईच्या बाबतीत पहिल्या वेळी प्लास्टिकच्या नळीनेही "गोठलं नाही" असंच सांगितलं असतं, हे खरं. पण ते उत्तर तिच्या रक्ताचं की नळीचं, हे आम्हाला कळलं नसतं. शिवाय हीच चाचणी सहा तासांनी परत करायची असते. सर्पविषावरचं औषध आणखी द्यायचं की थांबायचं, हे तिच्यावर ठरतं. सकाळी मी दुसरी नळी तिरकी केली तेव्हा आतलं रक्त जागचं हललं नाही. भैयांनी ती नळी माझ्या हातातून घेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि नुसतं "बढ़िया" म्हणाले.

हे मला वर्गात शिकवलं नव्हतं का? शिकवलं होतं. स्लाइडवर "क्लीन, ड्राय, ग्लास" असे तीन शब्द होते आणि मी ते लिहूनही घेतले होते. पण ऐन वेळी हात थांबला तो त्या आवाजाने. फोनवर शिकण्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे, ते त्या आवाजाबद्दलच आहे.

आमची बॅच २०२० ची, पण कॉलेज सुरू झालं १ फेब्रुवारी २०२१ ला. पांढरा कोट शिवून घेऊन जेमतेम दोन महिने झाले आणि दुसरी लाट आली. आम्ही सगळे घरी. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी माणसाचा हात शिकले. युट्यूबवर, दीडपट वेगाने, बाबांच्या जुन्या फोनवर. खालच्या रस्त्याने दिवसभर अॅम्ब्युलन्स जायच्या. आई मधूनच वर यायची, जिन्याच्या दारात उभी राहायची आणि काही न बोलता खाली जायची.

व्हिडिओ फार सुंदर होते, यात शंका नाही. धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. एकेक थर बाजूला सरतोय, नावं आपोआप उमटतायत. मला वाटायचं, मला येतंय.

मग कॉलेज उघडलं आणि आम्ही डिसेक्शन हॉलमध्ये उभे राहिलो. फॉर्मलिनने डोळे झोंबत होते आणि टेबलावरच्या त्या देहात लाल, निळं, पिवळं काहीच नव्हतं. सगळं एकाच रंगाचं, भिजलेल्या सुतळीसारखं. मॅडमनी चिमट्याने दंडातला एक दोर उचलला आणि विचारलं, "हे काय?" मला मीडियन नर्व्ह पाठ होती. ती धमनीच्या बाहेरच्या अंगाने येते, दंडाच्या मध्यावर तिला ओलांडते आणि आतल्या अंगाने खाली जाते. मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पण चिमट्यात काय आहे ते मला सांगता येईना. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझा हातमोज्यातला हात धरला, अंगठा आणि तर्जनीत तो दोर दिला. "दाब. आता त्याच्या शेजारचा दाब. धमनी पोकळ लागते, दबते. नर्व्ह भरीव लागते." चार सेकंदांत कळलं. ज्यांनी तो देह दिला त्यांचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही, पण त्यांच्या दंडातला तो भरीव दोर माझ्या बोटांना अजून आठवतो.

त्याच महिन्यात चाचणी परीक्षा झाली. ब्रेकियल प्लेक्ससची आकृती काढा. मानेतून निघणारी पाच मुळं, त्यांचे तीन ट्रंक, त्यांचे फाटे, मग तीन कॉर्ड आणि त्यांतून हाताला जाणाऱ्या नर्व्ह. एकच व्हिडिओ मी नऊ वेळा पाहिला होता. तीन ट्रंकपर्यंत पेन्सिल चालली आणि मग थांबली. व्हिडिओतला हात पुढे जाताना मला दिसत होता, माझा हात जात नव्हता. मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा.

त्या काळात मी टेलिग्रामच्या अकरा चॅनलांवर होते. टेलिग्रामच्या एका ग्रुपमध्ये दोन लाख माणसं मावतात, चॅनलला तर तीही मर्यादा नाही. रोज सकाळी उठावं तो चाळीस-पन्नास नव्या पीडीएफ आलेल्या. मी त्या उतरवून घ्यायचे, फोल्डर करायचे, फोल्डरांना रंग द्यायचे. त्यातलं बरंचसं चोरीचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कुणीतरी मेहनतीने शिकवलेलं, पैसे आकारून दिलेलं, दुसऱ्या कुणीतरी उचलून फुकट टाकलेलं. आज ते लिहिताना लाज वाटते. पण चोरीइतकंच मला हेही डाचतं की त्या दोन लाखांत मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं. मी ते वाचलं की नाही, मला आलं की नाही, याने तिथे कुणालाच काही फरक पडत नव्हता.

बऱ्याच नंतर मला एक प्रयोग वाचायला मिळाला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काही वेळा तो पुन्हा वाचायला लावला, काही वेळा कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवला: ८१ टक्के विरुद्ध ७५. पण आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६. माझे नऊ वेळा पाहिलेले व्हिडिओ म्हणजे ते पुन्हा वाचणं होतं. पाच मिनिटांनी विचारलं असतं तर मी पहिली आले असते.

हे कळायच्या आधीच आमचा उपाय सुरू झाला होता, तोही अडून. निकालाच्या दिवशी कॉलेजबाहेरच्या टपरीवर आम्ही पाच जण पोहे खात उभे होतो आणि बोलता बोलता निघालं की पाचही जण त्याच आकृतीत अडकले होते. उज्जैनची एक, झाबुआची एक, देवासचा एक, खरगोनचा तो, आणि मी. झाबुआवाली म्हणाली, "रोज रात को एक सवाल. बोल के जवाब. देख के नहीं." तिथेच व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला. नाव ठेवलं "पाच मुळं".

पाळी ठरलेली होती. ज्याची पाळी त्याने रात्री दहाला प्रश्न टाकायचा. बाकीच्या चौघांनी झोपायच्या आधी बोलून उत्तर द्यायचं, पुस्तक मिटून. लिहायचं नाही, कारण लिहिताना डोळा चोरून पुस्तकाकडे जातो. आणि चुकलेली व्हॉइस नोट पुसायची नाही. या शेवटच्या नियमावरून आमचं भांडण झालं होतं. देवासवाल्याला ते अपमानाचं वाटायचं. पण आज मागे जाऊन ऐकलं तर त्या चुकलेल्या नोटाच सगळ्यांत कामाच्या वाटतात. मी "अ... म्हणजे..." करत कुठे अडखळले, नेमकं तिथेच मला येत नव्हतं.

आणि भाषा. मी घरी मराठी बोलते, शाळा हिंदीत झाली, कॉलेज इंग्रजीत. वर्गात उत्तर द्यायला उभी राहिले की अर्धी शक्ती वाक्य जुळवण्यातच जायची. व्हॉइस नोटमध्ये तसं नव्हतं. झाबुआवालीने एकदा किडनी समजावली होती ती घरच्या सफाईसारखी: आधी घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं, मग हवं ते उचलून आत न्यायचं, उरेल तो कचरा. मूत्रपिंड खरंच तसंच काम करतं. आधी ढीगभर गाळून घेतं आणि मग ९९ टक्के पाणी परत ओढून घेतं. हे मी कधी विसरणार नाही. १६ ऑक्टोबर २०२२ ला भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली तेव्हा आमच्या प्रदेशात केवढा वाद झाला. हिंदीतून डॉक्टर घडतील का? मला त्या वादात एवढंच म्हणावंसं वाटायचं की मीडियन नर्व्हला मीडियन नर्व्हच म्हणा, पण ती दंडात धमनीला कशी ओलांडते ते ज्या भाषेत आई भांडते त्या भाषेत सांगू द्या. आम्ही तसं वर्षभर आधीपासून सांगत होतो.

मी व्हिडिओंच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. काही गोष्टी पुस्तकाला जमतच नाहीत. गर्भाच्या चौथ्या आठवड्यात हृदय ही एक सरळ नळी असते आणि ती वाढता वाढता वाकते, वळते, खालचा भाग मागे आणि वर जातो. हे मी तीन पुस्तकांत वाचलं, कागदाची सुरळी करून बघितली, डोक्यात शिरेना. दोन मिनिटांच्या एका अॅनिमेशनने शिरलं. तसंच ईसीजीचं. "लाइफ इन द फास्ट लेन" या संकेतस्थळावर आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरांनी ईसीजींचा एवढा मोठा संग्रह खुला ठेवला आहे की एका कॉलेजात पाच वर्षांत तेवढे बघायला मिळणार नाहीत. ते उभं करणाऱ्यांपैकी माइक कॅडोगन यांनीच २०१२ मध्ये, डब्लिनच्या एका परिषदेच्या वेळी, अशा खुल्या वैद्यकीय शिक्षणाला "फोम" हे नाव दिलं. तिथलं वाचताना चोरी केल्यासारखं वाटत नाही, कारण देणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेलं आहे.

पण तिथून शिकलेलं आपल्या मातीत तपासून घ्यावं लागतं, आणि हे कुणी सांगत नाही. परदेशी व्हिडिओ टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने दोनच औषधं सांगतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढचे चार महिनेही तीन औषधं असतात, इथॅम्ब्युटॉल हे तिसरं औषध चालूच राहतं. आणि आपले जुने देशी व्हिडिओ आणखी वेगळं सांगतात: आठवड्यातून तीनदा गोळ्या, कॅटेगरी वन (नवे रुग्ण), कॅटेगरी टू (आधी उपचार घेतलेले). ती पद्धत २०१७ मध्ये बदलून देशभर रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि कॅटेगरी टूही आता राहिली नाही. तोंडी परीक्षेत मी अगदी आत्मविश्वासाने "आठवड्यातून तीनदा" म्हणाले. सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "कोणत्या सालचा व्हिडिओ, बेटा?" त्यांनी पुस्तकाचं नाव विचारलं नाही, व्हिडिओचं साल विचारलं. त्या दिवसापासून मी कुठल्याही व्हिडिओच्या नावाआधी त्याची तारीख बघते. लाखो लोकांनी बघितलेला व्हिडिओ बहुतेक वेळा जुनाच असतो. बघणारे जमायला वर्षं जातात, आणि तेवढ्यात उपचार बदललेले असतात.

सापांचंही तेच. सर्पदंशावरचे गाजलेले व्हिडिओ अमेरिकेतल्या रॅटलस्नेकचे. आपल्याकडे मिळणारं औषध चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ही नावं मला पुस्तकाआधी आजीकडून माहीत होती. तिचं माहेर रत्नागिरीकडचं, आणि "अंधारात अनवाणी जाऊ नकोस, फुरसं असतं" हे वाक्य ती इंदूरच्या फरशीवरसुद्धा म्हणायची. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक गावातली, आणि जास्त मृत्यू ज्या राज्यांत त्यांत आपलं मध्य प्रदेश आहे. म्हणून खरगोनवाल्याने त्याच्या पाळीच्या रात्री तो प्रश्न टाकला होता. त्याच्या काकाला शेतात साप चावला होता. तो वाचला, पण दोन दवाखाने फिरून. ती ४१ सेकंदांची नोट त्याने आमची चारही उत्तरं अपुरी निघाल्यावर पाठवली होती. ती तशी का लक्षात राहिली, याचं हेही कारण असेल.

हृदयाच्या आवाजांबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण इथे फोनने मला अर्ध्यापर्यंत नेऊन सोडलं. मायट्रल स्टेनोसिस म्हणजे डाव्या बाजूची झडप आखडणं. लहानपणी घसा दुखून आला, मग सांधे सुजले, ताप गेला आणि झडपेवर वण राहिला, असे रुग्ण आमच्या वॉर्डात अजून नेमाने येतात. त्यात एक मंद, घरघरता आवाज ऐकू येतो. युट्यूबवर तो वीस प्रकारे ऐकायला मिळतो. मी ऐकला, ऐकला, मला ऐकूच येईना. मला वाटलं माझे कानच बरे नाहीत. उज्जैनवालीने सांगितलं, "हेडफोन लाव. फोनचा स्पीकर एवढा खालचा सूर वाजवतच नाही." हेडफोन लावले आणि आवाज आला, लांबून जाणाऱ्या ट्रकसारखा. तीन आठवडे मी तो रोज ऐकला. हे काम फोननेच करावं, कारण एका रुग्णाच्या छातीला शंभर विद्यार्थ्यांनी शंभर वेळा स्टेथोस्कोप लावणं बरोबर नाही.

मग वॉर्डात तशी बाई आली, आणि मला परत काही ऐकू येईना. पंखा, ट्रॉली, शेजारच्या खाटेवरचं रडणारं मूल. भैयांनी तिला विचारून डाव्या कुशीवर वळवलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाले, "बेल को दबा रही हो. दबाओगी तो चमड़ी तन जाएगी, और वो डायफ्राम बन जाएगा." स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे खालचे सूर ऐकायची वाटीसारखी बाजू, छातीवर नुसती टेकवायची असते. दाबली की खालची त्वचा ताणली जाते, दुसऱ्या बाजूच्या पडद्यासारखी (तोच डायफ्राम), आणि नेमका खालचा सूर गाळला जातो. मी हात हलका केला. ट्रक आला. ती बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "सुनाई दिया, बेटा?" मी हो म्हणाले. ती खूश झाली, जणू परीक्षा तिची होती.

आता ते, ज्याच्यासाठी वर तपशील बदलले असं लिहिलं.

तिसऱ्या वर्षी मी छातीचा एक एक्स-रे खिडकीच्या काचेवर धरून त्याचा फोटो काढला आणि एका मोठ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. "पाच मुळं"वर नाही. वेगवेगळ्या कॉलेजांची नऊशेच्या वर मुलं असलेल्या ग्रुपवर. "निदान सांगा" एवढं लिहून. तासाभरात उत्तरांचा पाऊस. वरच्या भागात पोकळी आहे, टीबी आहे, क्लासिक आहे. रुग्णाला खोकला किती दिवस, वजन किती उतरलं, घरात आणखी कुणाला आहे का, हे एकानेही विचारलं नाही. मीही ते लिहिलं नव्हतं. शिवाय व्हॉट्सअॅप फोटो आवळून पाठवतं, बारीक छटा जातात, तेव्हा त्या चित्रावरून नीट शिकताही येत नव्हतं. पण एक्स-रेच्या कोपऱ्यात नाव होतं. ते स्वच्छ वाचता येत होतं.

तिसऱ्या दिवशी रुग्णाचा मुलगा मला जिन्यात भेटला. त्याच्या फोनमध्ये तो फोटो होता. दूरच्या कुठल्यातरी नातलगाचा मुलगा दुसऱ्या कॉलेजात शिकत होता, त्याच्यामार्फत फिरत फिरत गावात पोचलेला. तो चिडला नाही. त्याने हळू आवाजात विचारलं, "मैडम, ये आपने डाली है? बहन की सगाई की बात चल रही है." टीबी हे नाव अजून गावात कसं उच्चारलं जातं, ते मला माहीत होतं. मी त्याची माफी मागितली. त्याच्या वडिलांच्या खाटेशी जाऊन त्यांचीही मागितली. ते म्हणाले, "बच्ची हो, सीख रही हो." ग्रुपवरचा फोटो मी पुसला. पण पुढे गेलेले फोटो आपल्याला पुसता येत नाहीत. तो आजही कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल. त्या सगाईचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि विचारण्याचा हक्क मी गमावला होता.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आहेत. रुग्णाची ओळख पटेल असे फोटो किंवा माहिती त्याच्या परवानगीशिवाय छापायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. २ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले. त्यात तर समाजमाध्यमांवर डॉक्टरने कसं वागावं याचा वेगळा भाग होता, रुग्णांचे फोटो आणि स्कॅन टाकू नयेत हे नावानिशी होतं. २३ ऑगस्टला ते सगळेच नियम स्थगित झाले, इतर कलमांवरून वाद झाला म्हणून. तो भाग तरी पहिल्या वर्षाच्या मुलांना वाचून दाखवायला हवा, असं माझं ठाम मत आहे. नियम चालू असो की स्थगित. मला तो जिन्यात शिकावा लागला आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घराने दिली.

त्या रात्री मी "पाच मुळं"वर सगळं सांगितलं. देवासवाल्याने, ज्याला चुकलेल्या नोटा पुसायच्या असायच्या त्यानेच, सुचवलं की इथून पुढे आपल्या पाचांतही फोटो नको. शब्दांत सांगायचं. गाव, वय, खाट नको, आणि एका रुग्णाची गोष्ट तशीच्या तशी नको, तीन-चार जुळवून करायची. सुरुवातीला हे बंधन वाटलं. पण एक्स-रे शब्दांत सांगायचा म्हणजे आधी तो नीट बघावा लागतो. पोकळी कुठे, भिंत जाड की पातळ, आत पाण्याची रेघ आहे का, श्वासनलिका ओढली गेली आहे का. फोटो पाठवताना मी यातलं काहीच बघितलं नव्हतं.

ग्रुप अजून आहे. पाचांपैकी कुणीच आता एकत्र नाही. प्रत्येकाची ड्यूटी वेगळी, देवासवाला पीजीच्या परीक्षेसाठी रात्रभर प्रश्न सोडवतो, खरगोनवाल्याला गावाकडेच काम करायचं आहे. कधी कधी उत्तर पहाटे येतं, पण येतं. परवा पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला मेसेज केला, "दीदी, सारे नोट्स भेज दो." मी तिला विचारलं की तुझ्यासारख्या आणखी चौघी आहेत का. तिने आज सांगितलं, तिघी मिळाल्या.

आज पाळी माझी आहे. दहा वाजायला वीस मिनिटं आहेत, बाहेर पाऊस लागलाय. मी टाकणार तो प्रश्न असा: घरात जमिनीवर झोपलेली एक मुलगी पहाटे पोट दुखतंय म्हणून उठली. उलटी एकदा. सकाळी तिच्या पापण्या जड, डोळे पुरते उघडत नाहीत, बोलणं अनुनासिक. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही, रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटांत नीट गोठलं. घरच्यांना पहिला प्रश्न काय विचाराल, आणि तिच्याकडे बघताना नजर सगळ्यांत आधी कुठे ठेवाल?